परिशिष्ट तीन

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. नमस्कार सवयीने लिहिला, मनापासून नाही.

तुझ्या वित्त समितीचा अहवाल आज वाचला. संगीत सभागृहाचं अनुदान बंद, जूनपासून दाराला कुलूप. इथवर मी दात-ओठ खात वाचलं. मग परिशिष्ट तीन उघडलं. 'सभागृहातील तंत्रज्ञाचा अभिप्राय : ही इमारत म्हणजे ओलं पोतं आहे. सकाळी पियानो जुळवावा, संध्याकाळी सूर उतरलेले. पाडून टाका एकदाची.'

दादा, हे मी तुला घरच्या पत्रात लिहिलं होतं! वहिनीच्या गुडघ्याची चौकशी आणि तुझ्या टकलाची थट्टा, यांच्या मधोमध. तुला जनाची नाही तर मनाची तरी?

लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही.
तुझी,
किरकिरी

६ मार्च

चि. किरकिरीस,
अ. आ. माझे आशीर्वाद मात्र मनापासून आहेत.

वाक्य तुझंच आहे, मी काना-मात्राही बदललेली नाही. तुझं नावही घातलं नाही. छत गळतं, निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि तिकडे शाळांच्या छतांना भोकं पडली आहेत. मी आधी काय बुजवू? बाबांनी उभा जन्म तिथे पियानो जुळवला आणि दर रविवारी जेवताना त्या जागेला शिव्याच घातल्या. तुझाही तोच सूर. मग मी खरं मानलं तर माझं काय चुकलं?

मतदान बाराला आहे. तिथे येऊन तमाशा करू नकोस. वहिनी म्हणते, रविवारी जेवायला ये.

राग आवरावा, लोभ राहू द्यावा.
तुझा,
दादा

८ मार्च

ती. दादास,
शाळांची ढाल पुढे करू नकोस. तुझ्याच अहवालात पान नऊवर त्या जागी वाहनतळ लिहिलंय. मला वाचता येतं.

बाबा शिव्या घालायचे, खरंय. आणि सोमवारी कुणाच्याही आधी टोपी चढवून तिथे कोण पोचायचं? आपल्या दोघांनाही ते रोज बोलायचे, म्हणून काय आपल्याला कुणाला देऊन टाकणार होते? ज्याच्यावर जीव, त्याच्यावरच किरकिर, ही आपल्या घरची रीतच. बाबा ज्याच्याबद्दल गप्प बसले, तो माणूस त्यांच्या लेखी संपला. परका माणूस फसला असता तर सोडून दिलं असतं. तू त्याच ताटावर वाढलास.

बाराला मी येणार. जेवायला नाही.
किरकिरी

१३ मार्च

चि. किरकिरीस,
शेवटी तू केलंसच. बाबा गेले त्या आठवड्यात मी तुला लिहिलेलं पत्र भर सभेत वाचून दाखवलंस! 'मी आहे तोवर त्या सभागृहाची वीटही हलणार नाही.' मागच्या बाकांवर लोक फिदीफिदी हसले. माझ्याच समितीतल्या बाईंनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

मतं समसमान पडली, हे तू बघितलंस. अध्यक्ष म्हणून निर्णय माझ्या एका मतावर आला. आदल्या रात्री मी सभागृह वाचवायचं ठरवलं होतं. पण त्या हशानंतर हात वर केला असता, तर बहिणीने कान पिळला म्हणून केला असंच म्हणाले असते सगळे. तू गप्प बसली असतीस तर जूनमध्ये कुलूप लागलं नसतं. आता हे तुझं तू बघ.

वहिनी कालपासून माझ्याशी बोललेली नाही. दोन ओळी लिही. वाटेल तेवढ्या शिव्या घाल, पण लिही.

वाट बघतो.
दादा

२० मार्च

मा. अध्यक्ष, वित्त समिती, यांस,
स. न. वि. वि.

आपले १३ तारखेचे पत्र मिळाले. ३१ मेपर्यंत पियानो रोज जुळवला जाईल. किल्ल्या त्याच संध्याकाळी कार्यालयात जमा करीन.

इमारतीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. आपल्याबद्दलही नाही.

कळावे,
सभागृहातील तंत्रज्ञ