आईच्या टेकडीवरचं अर्धं गवत

मुगोल, वरची वस्ती
९ ऑगस्ट १९९३

चि. ग्युचल यास ताईचा आशीर्वाद. ओरडा पुढे आहे, तो निराळा धरावा.

वि. वि. तुझ्या जलपुरवठा कार्यालयाची माणसं परवा आली आणि धरणाच्या काठावर दर पन्नास पावलांवर एकेक पाटी ठोकून गेली. अकरा कलमं आहेत. पोहू नये, पाय बुडवू नयेत, कपडे धुऊ नयेत, गळ टाकू नये, होडी घालू नये. खाली तुझं नाव आणि हुद्दा. आपल्या घराण्यातल्या कुणाचं नाव पहिल्यांदाच जाहीर पाटीवर लागलं, आणि तेही पाय बुडवू नका हे सांगायला!

शहरातल्या लोकांना आवरलंस ते बरंच केलंस. रविवारी येतात, डुकराचं मांस भाजतात, ती तेलकट जाळी तळ्यात घासतात, पोरांना पाण्यात उभं करून मुतायला लावतात आणि मग मला विचारतात, आजी, इथलं पाणी स्वच्छ आहे ना? मी सांगते, तुम्ही येईपर्यंत होतं. असल्यांना पाण्यात काय, चिखलातसुद्धा उतरू देऊ नये.

पण योमने माझ्या होडीलाही साखळी घातली. योम म्हणजे तुमचा नवा पहारेकरी, गुडघेदुखीने वाकलेला, गळ्यात शिट्टी आणि काखेत नोंदवही. धरणाचं पाणी चढलं आणि आईची टेकडी बेट झाली, हे तुला आठवत असेल अशी आशा आहे. चौदा वर्षं मी त्याच होडीने जाते आणि चुसोकच्या, पितरांच्या सणाआधी तिच्या थडग्याच्या मातीच्या घुमटीवरचं गवत कापते. मुलाचं काम मुलगी करते म्हणून गाव हसतं, तेही ऐकून घेते. यंदा चुसोक तीस सप्टेंबरला आहे. तोवर काय ते बघ.

मिरच्या वाळल्या की पाठवीन. लोभ असू दे, निदान पाटीएवढा तरी ठळक.

तुझी ताई,
पिलनाम

•

२० ऑगस्ट १९९३

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, ओरडाही पोचला. हिची कंबर दुखते, बाकी आम्ही बरे.

ताई, रागावण्याआधी जरा ऐक. खाली शहरात चार लाख माणसं हेच पाणी पितात. गेल्या जुलैत दारू पिऊन एक जण पोहायला उतरला तो तिसऱ्या दिवशी सापडला. ते तीन दिवस लोक नळ उघडून हेच पाणी पीत होते. लोकांचं म्हणशील तर, एक बाई काठावर बसून कुत्र्याला साबण चोळत होत्या. मी हटकलं तर म्हणाल्या, साबण परदेशी आहे. अशांपुढे अकरा कलमंसुद्धा कमीच पडतात.

थडग्यांची सोय मी विसरलेलो नाही. सातवं कलम वाच. मृताच्या वंशजाने पंधरा दिवस आधी अर्ज केला की कार्यालयाची होडी नेते आणि परत आणते. मीच आलो असतो, पण महिनाअखेरीला बढतीची मुलाखत आहे, आणि माझ्याच खात्यात माझाच अर्ज बरा दिसणार नाही. तेव्हा अर्ज तू कर. पुढच्या वर्षी मी नक्की येतो.

मिरच्यांची वाट पाहतो. राग ओसरला की लोभ करावा.

तुझा,
ग्युचल

•

मुगोल
८ सप्टेंबर १९९३

गेली सहा वर्षं ‘पुढच्या वर्षी नक्की’ येणाऱ्या चि. ग्युचल यास आशीर्वाद.

वि. वि. दोन बस बदलून तुझ्या कार्यालयात गेले होते. तू सभेत होतास म्हणे. खिडकीत नखं रंगवलेली एक मुलगी होती, तिने माझा अर्ज घेतला आणि आईच्या घरची कुटुंब नोंदवही मागवली. त्यात तू आहेस, तुझी बायको आहे, तुझी मुलं आहेत. मी नाही. लग्न झालं तेव्हा माझं नाव तिथून खोडलं आणि सासरच्या नोंदवहीत चढवलं. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, तरी मी अजून तिथलीच. सातव्या कलमात वंशज म्हणजे काय, तर त्या नोंदवहीत नाव असलेला. मुलीने अगदी आदराने सांगितलं की आजी, कागदावर तुम्ही या बाईंच्या कुणी लागत नाही. मी विचारलं, मग मी कोण? तिने कलमं खालपासून वरपर्यंत चाळली आणि म्हणाली, पर्यटक.

वा रे कलमबहाद्दर! जाळी घासणारे पर्यटक, कुत्रं धुणारी बाई पर्यटक, आणि मीही पर्यटक.

आई शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळली होती. तिला उचलून बसवायची मी. रोज केस विंचरून मधोमध भांग पाडायची मी. भांग केसभर वाकडा झाला तर ती जेवायची नाही, इतकी नखरेल. तू दोनदा भेटायला आलास, त्यातल्या एकदा झोपलास. हे कुठल्या नोंदवहीत लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. मी मुलगी झाले याचं घरात दुःख इतकं होतं की नावच पिलनाम, म्हणजे ‘नक्की मुलगा’, ठेवलं, पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून. झाला. मोठा झाला आणि त्याने सातवं कलम लिहिलं.

मला फार लागलं आहे, ग्युचल. गावाने हसावं, सरकारने हसावं, पण तू?

होडी नाही तर नाही. याच नदीत तुझ्या हनुवटीखाली हात धरून तुला पोहायला मी शिकवलं. एकदा नाकातोंडात पाणी गेलं तर तू जन्मभर पाण्याला भ्यायलास, आणि नोकरी धरलीस पाण्याची. मला अजून पोहता येतं.

मिरच्या पाठवलेल्या नाहीत. लोभ आहे, पण तो अर्जासारखा पडून आहे.

ताई

•

मुगोल
१६ सप्टेंबर १९९३

चि. ग्युचल यास पर्यटक ताईचा आशीर्वाद.

वि. वि. काल सकाळी योम न्याहारीला बसला तेव्हा विळा कमरेला बांधून पाण्यात उतरले. चौसष्टाव्या वर्षी दोनशे हात पाणी कापायचं म्हणजे दम लागतो, खोटं कशाला बोलू. वर गवत कमरेएवढं माजलेलं. आईच्या थडग्याचा मधोमध भांग पाडला, डावी बाजू स्वच्छ कापली आणि उजवीला हात लावला नाही. परक्या बाईने एवढं केलं हे पुष्कळ झालं. उरलेलं वंशजाचं काम.

तुमचे संचालक पाहुण्यांना धरणावरच्या दुर्बिणीतून तळं दाखवतात ना, तिथून ते उत्तम दिसतं. अर्धं डोकं विंचरलेलं आणि अर्ध्याच्या झिंज्या. आईला हे अजिबात आवडणार नाही, पण तिला सांगून आले की तुझा मुलगा येतोय.

परतले तेव्हा योम काठावर शिट्टी फुंकून फुंकून लालबुंद झालेला. आधी त्याने मला स्वतःचा टॉवेल दिला, मग माफी मागत दंडाची नोटीस लिहिली. त्यात थडग्यावर गेलेल्यांसाठी ‘मृताशी नाते’ असा रकाना आहे. त्याने कलमं काढून वाचली, डोकं खाजवलं आणि ‘काही नाही’ असं लिहिलं. मी सही केली नाही. तो कागद आता शिक्क्यासाठी तुझ्या टेबलावर येईल. मार शिक्का. त्याचा तुला सराव आहे.

लोभाचं नंतर बघू.

पिलनाम

•

२७ सप्टेंबर १९९३

ती. ताईस सा. न. वि. वि.

गुरुवारी संचालकांनी पाहुण्यांना दुर्बीण दाखवली. त्यांचं टेकडीकडे लक्ष गेलं आणि त्यांनी विचारलं, हे कुठल्या निर्लज्ज घरचं थडगं? सगळे हसले. मीही हसलो. ताई, मी हसलो, हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो.

अर्ज करायचा तर माझ्याच कलमाप्रमाणे पंधरा दिवस हवेत, आणि चुसोकला सात राहिलेले. म्हणून काल रविवारी पहाट फुटता फुटता आलो. तुझ्या घरी येण्याचं तोंड नव्हतं. मोटारीची ट्यूब काखेत घालून पाण्यात उतरलो. अर्ध्या वाटेवर पाय गारठले आणि मी मोठ्याने तुला हाक मारली, कुणी ऐकली नाही हे नशीब. चार लाख लोकांचं पाणी बरंच माझ्या पोटात गेलं. घरात विळा नाही, म्हणून हिची शिवणाची कात्री नेली होती. तीन तास लागले, हाताला फोड आले.

परतताना योमने शिट्टी मारली. ओल्या चड्डीत उभा असलेला मी, आणि समोर माझ्याच कलमांची वही. नात्याच्या रकान्यात त्याने काही न विचारता ‘मुलगा’ लिहिलं. वही उघडून पाहिलीही नाही. ते मला फोडांपेक्षा जास्त झोंबलं.

आज सकाळी दोन्ही नोटिसा टेबलावर होत्या. तुझ्या नोटिशीतलं ‘काही नाही’ मी खोडलं, वर ‘मुलगी’ लिहिलं आणि दुरुस्ती माझीच आहे म्हणून बाजूला माझा शिक्का मारला. सोबत पाठवतो. दंड मात्र माफ करता येत नाही, ताई. पाणी सर्वांचं आहे, ते माझं म्हणणं अजून तसंच आहे. सातवं कलम बदलायचं टिपण वर पाठवलं. पुढच्या वर्षी विचार करू म्हणाले. हे उत्तर कसं लागतं ते आता कळलं. बढतीचं नाव कुणी काढत नाही.

चुसोकला सगळ्यांना घेऊन येतो. दार उघडण्याइतका लोभ असावा.

तुझा,
ग्युचल

•

मुगोल
४ ऑक्टोबर १९९३

चि. ग्युचल यास ताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुम्ही गेलात आणि घर गप्प झालं. मुलांच्या देखत बोलता आलं नाही ते लिहिते. काठावरून उजवी बाजू नीट पाहिली. उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसते. कात्रीने थडगं भादरणारा वंशज अख्ख्या कोरियात दुसरा नसेल. योम सांगतो की तू ट्यूबला मिठी मारून डोळे मिटूनच येत होतास. तरी आलास. त्या दिवशी मी परसात मिरच्या खुडत होते, हाक तिथवर पोचली असती तर धावत आले असते.

आता नोटिशीचं. पोस्टात चौकशी केली. दंड भरायचा तर मूळ कागद तिथे जमा करावा लागतो, पावती तेवढी परत मिळते, आणि पावतीवर नात्याचा रकाना नाही. तेव्हा दंड मी भरणार नाही. लग्नानंतर पंचेचाळीस वर्षांत मी आईची मुलगी आहे असं म्हणणारा हा पहिला सरकारी कागद. तो चौकटीत घालून तिच्या फोटोखाली लावलाय.

तुझं खातं स्मरणपत्रं पाठवील, ती खुशाल पाठवू दे. फक्त दर वेळी तो रकाना भरायला सांग.

मिरच्या सोबत आहेत. लोभ आहे, तो मागून घेण्याची गरज नाही.

तुझी ताई,
पिलनाम