निदान माझं नाव वगळावं

१३ ऑक्टोबर
मृतांच्या सणाआधी शाळेत ‘कवट्या’, म्हणजे थट्टेच्या कविता, वाचायचा कार्यक्रम आहे. मृत्यूबाई येऊन अमक्या शिक्षकाला त्याच्या खोडीसकट कशी उचलून नेते, ते चार ओळींत. लिहिणारे आम्हीच, मरणारेही आम्हीच. मी खिलाडू माणूस आहे. माझ्यावर कुणी लिहिली तर मोकळेपणानं हसायचं, असा निश्चय. आरशासमोर हसून पाहिलं. जमेल.

१६ ऑक्टोबर
स्टाफरूममध्ये शिरलो तर संगीताचे फिदेन्सिओ सर एकदम गप्प. पुढ्यातला कागद सणाच्या गोड पावाखाली सरकवला आणि अर्धा पाव मला देऊ केला. हे गृहस्थ पाव कुणाला देत नाहीत. उगाच संशय घेणं वाईट. म्हणून घेतलेला नाही. नोंद तेवढी केली.

१७ ऑक्टोबर, दुपार
पण चिमटा काढण्यासारखं माझ्यात आहे काय? प्रामाणिकपणे शोधलं. सापडलं नाही. बायकोला, रेमेदिओसला विचारलं. ती मोले ढवळत होती. रस्सा आळला तरी तिचं सांगणं संपेना. वर म्हणाली, माझ्या बाबांवर गिरणीतले लोक दर वर्षी लिहायचे, बाबा घरी वाचून दाखवायचे. तू इतका का घाबरतोस? घाबरण्याचा प्रश्नच नाही.

२२ ऑक्टोबर
मृतांच्या वेदीसाठी रंगीत कागद कातरायला मुद्दाम फिदेन्सिओंच्या शेजारी बसलो. सहज म्हणून विचारलं, यंदा कुणाकुणाचा नंबर?
“काय नीकानोर सर, मरायची घाई झाली?”
सगळे हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा. हातातल्या कागदी सांगाड्याचं मुंडकं कातरलं गेलं.

२४ ऑक्टोबर
पूर्ण विचार करून मुख्याध्यापिका एदुविहेस बाईंना अर्ज दिला. शिक्षकांच्या सवयींची विद्यार्थ्यांसमोर थट्टा योग्य नाही. निदान माझं नाव वगळावं. स्वतःसाठी नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. फिदेन्सिओंवर मी लिहिलेली कवटी मात्र सोबत दिली. तिच्यात थट्टा नाही, वस्तुस्थिती आहे.

२५ ऑक्टोबर
बाई लगेच हो म्हणाल्या. इतक्या लगेच? म्हणजे बेत मोठा आहे. वगळतो म्हणतील आणि ऐन वेळी वाचतील. अर्ज मागे घ्यावा का? मग मी वाटच बघतोय असं दिसेल. राहू दे. हसण्याचा सराव चालू ठेवावा.

३१ ऑक्टोबर
कार्यक्रम झाला. मृत्यूबाईनं एकेकाला उचललं. फिदेन्सिओ गेले, बाई गेल्या, शिपाई गेला, फाटकाजवळचं कुत्रंसुद्धा गेलं. मी पहिल्यापासून चेहरा हसरा ठेवून बसलो होतो. मग गरम चॉकलेट आलं आणि लोक उठले. कदाचित माझी वाचायला विसरले असतील. जबडा दुखतोय.

२ नोव्हेंबर
दफनभूमीत रेमेदिओसच्या बाबांच्या थडग्यावर झेंडू पसरत होतो. पलीकडच्या ओळीत फिदेन्सिओ, सहकुटुंब. सहज म्हणून विचारलं, माझ्यावर काही लिहिलं होतं का. होतं, म्हणाले, पण बाईंनी अर्ज दाखवला, मग फाडून टाकलं. काय होतं, विचारलं.
“मृत्यूबाई तुम्हाला न्यायला आली, सर. तर उशीर झाला म्हणून तुम्ही तिलाच वर्गाबाहेर उभं केलंत. अजून उभी आहे बिचारी.”
त्यांची बायको हसली. रेमेदिओस तर थडग्याला धरून हसली.
ओळी आठवतात का, विचारलं. नाही म्हणाले.
घरी येऊन स्वतःच जुळवत बसलोय. तिसऱ्या ओळीपाशी अडलंय.