पपईच्या मुरांब्यात आहे काय!

६ एप्रिल
बायको, एर्मेलिंदा, तिच्या बहिणीकडे गेली, मोश्तेरुशला. कारण काय, तर बारशाच्या जेवणात सगळ्यांसमोर मी म्हणालो, पपईच्या मुरांब्यात आहे काय? पाणी, साखर, जाळ! म्हणाली, हे शब्द चारचौघांत मागे घेशील तेव्हाच घरी येईन. जा म्हणालो. खुशाल जा. मी माघार घेणारा माणूस नाही.

७ एप्रिल
गावच्या सणाला नील्झा येतेय अमेरिकेहून. फोनवर पोरीचं एकच, बाबा, बकरीचं चीज आणि घरचा मुरांबा! मिळेल म्हणालो. आईला फोन द्या म्हणाली, तेव्हा रेंज गेली. मीच घालवली.

९ एप्रिल, सकाळ
हिरव्यागार पपया आणल्या. सोलल्या, किसल्या. शेजारीण गीदा कुंपणावरून ओरडली, अहो भाऊ, चीक जाऊ द्या आधी, रात्रभर भिजवा, पाणी बदला! बदला म्हणे. फोगो बेटावर राहून? इथे पावसाचं पाणी टाकीत जपून वापरतो आम्ही. शिवाय चिकातच सगळी ताकद असते. बायकांना शास्त्र कळत नाही.

संध्याकाळ
पाक झक्कास. दालचिनी, लिंबाची साल. एर्मेलिंदा लवंगा मोजून घालते, कंजूष. मी मूठभर घातल्या. मुरांबा जरा हिरवट दिसतोय. ताजेपणा!

१० एप्रिल
रीतीप्रमाणे पहिली ताटली शेजारी. गीदाच्या सासऱ्याची दाढदुखी थांबली म्हणे. बघा! जीभही बधिर झालीय, पण म्हातारा एरवी फार बोलतो, घरात शांतता आहे. आमच्या गल्लीत ताटली रिकामी परत करत नाहीत. गीदाने स्वतःच्या मुरांब्याने भरून पाठवली. हेवा, दुसरं काय. बकरीला घातला. बोट मात्र चाटलं, ताटलीत काय होतं ते बघायला. तीनदा.

१८ एप्रिल
दुसरा घाणा करपला. चूल जुनी आहे. एर्मेलिंदाला फोन करणार नाही. केला होता, पण मेव्हणीने उचलला, म्हणून ठेवला.

२६ एप्रिल
नील्झा आली. किती वाळली पोर! चीज कापलं, वर माझा मुरांबा. तिने एक घास घेतला, पाणी प्यायली, पुन्हा पाणी प्यायली. मग विचारलं, आई कुठेय? चार दिवस हवापालट, म्हणालो. पोरीने चमचा खाली ठेवला. बाबा, मी मुरांबा खायला नाही आले हो, तुम्हा दोघांना एका टेबलाशी बघायला आले. बॅग उचलली आणि मोश्तेरुशची गाडी धरली. आईवर गेलीय.
मी जाणार नाही.

२७ एप्रिल
गेलो. पोरीचं जॅकेट राहिलं होतं.
मेव्हणीचं अंगण माणसांनी भरलेलं. एर्मेलिंदाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ठणकावून सांगायचं ठरवलं होतं, तुझ्यावाचून काही अडत नाही माझं! तोंडातून निघालं, चुकलो, घरी चल. धुळीने घसा बसला होता, लोकांना रडल्यासारखं वाटलं असेल. ती म्हणाली, ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणालो. मोठ्याने. नील्झा आईचा हात धरून होती. एर्मेलिंदा म्हणाली, सोमवारी बघते.

२८ एप्रिल
घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून माझा मुरांबा काढला. आजवर चाखायची गरजच वाटली नव्हती. आज पहिला चमचा घेतला.
कडूजहर आहे.
आज शुक्रवारच आहे अजून.