अकरावी पिढी

३ फेब्रुवारी

पोचलो. टकळीने बूट काढायच्या आत आत्याला बारा प्रश्न विचारले. कोंबड्या किती, त्यांना नावं का नाहीत, आत्याच्या चष्म्याला दोरी कशाला. वन्सं हसून, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, या घराला वर्षभर पुरणारे शब्द हिने दारातच संपवले. तिच्या तोंडाची टकळी थांबत नाही म्हणून हे नाव तिच्या बाबांनीच ठेवलं. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं.

यांना नव्या नोकरीच्या गावी घर मिळेपर्यंत, म्हणजे महिनाभर, आम्ही मायलेकी इथे. खोली छान आहे. लोखंडी पलंग, भिंतीतलं कपाट, खिडकीतून सगळं परसू दिसतं. जाळीची सहा खुराडी, कोपऱ्यात पाण्याची टाकी, पलीकडे शेजारच्या शिंप्याची भिंत. कोंबड्या राखाडी. साधा राखाडी नव्हे, पावसाळी आभाळाचा. प्रत्येक पिसाला काळी कड, पेन्सिलीने ओढल्यासारखी.

वन्संनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं काढली. म्हणाल्या, आयुष्यभर कानात माणसं ओरडली, आता जरा पक्षी बघते.

खूप दिवसांनी गाढ झोप लागेल असं वाटतंय.

६ फेब्रुवारी

आज वन्संनी सगळं समजावलं. काळा कोंबडा आणि ठिपक्यांची पांढरी कोंबडी, यांची पिल्लं सगळी राखाडी. पण राखाडीला राखाडी लावली की चारांतली दोनच राखाडी, एक काळं, एक ठिपक्यांचं. हा रंग कधी कायमचा मुरत नाही. दर पिढीत निवडावं लागतं.

त्यांनी दुसराही एक गुण धरला आहे. सुरुवातीला कोंबडे पहाटे आरवायचे, कोंबड्या अंडं घालून कलकलाट करायच्या. शिंपीदादांनी भिंतीवरून सांगितलं की बाई, मी गिऱ्हाइकाची छाती मोजतो आणि तुमचा कोंबडा आकडा सांगतो. तेव्हापासून वन्सं शांत कोंबड्याच ठेवतात. पिल्लू दोन दिवसांचं झालं की ते मुठीत धरायचं, डोकं बाहेर ठेवून, आणि वीसपर्यंत मोजायचं. ओरडलं तर काढायचं. गप्प राहिलं तर ठेवायचं. ही अकरावी पिढी.

मग माझ्या लक्षात आलं, तीन दिवसांत मी एकाही कोंबडीचा आवाज ऐकलेला नाही.

टकळीला विचारलं, तर तिला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणाली, म्हणून तर मी त्यांच्याशी बोलते, बिचाऱ्यांशी कोणी बोलतच नाही.

१० फेब्रुवारी

उबवणीच्या पेटीतली अंडी आज फुटली. माझ्या माहेरी कोंबड्या होत्या. फुटायच्या आदल्या दिवशी अंडं कानाशी धरलं की आत चिवचिव ऐकू यायची. काल मी पाच अंडी कानाशी धरली. फक्त टिक टिक. चोच कवचावर, दुसरं काही नाही.

एकोणीस पिल्लं. ओली, डोळे मिटलेली. तोंडं उघडत होती, मिटत होती.

वन्संना भलताच आनंद झाला. बारा राखाडी. मी आपली पेटीची काच पुसत राहिले.

१३ फेब्रुवारी

तिसऱ्या खुराड्यातली एक तलंग नाहीशी झाली. आता अंड्यावर येणार होती. जाळी शाबूत, कडी लागलेली, रक्त नाही, पीस नाही. वन्सं म्हणाल्या मुंगूस. मुंगसाने काय घाण करून ठेवलेली असते ते मी पाहिलंय. शिवाय दुपारी दोनला ती होती, मीच पाणी घातलं. सव्वादोनला नव्हती. मी स्वयंपाकघराच्या दारातच बटणं लावत बसले होते. काही ऐकू आलं नाही.

शिंपीदादा म्हणाले, ऐकू येणार कसं वहिनी? घार दिसली की कळपातली एक कोंबडी किंचाळते आणि बाकीच्या लपतात. तुमच्या नणंदबाईंनी ती किंचाळीच काढून टाकली. आता घरात पाहुणा आला काय आणि चोर आला काय, सारखंच.

मी वन्संना हे सांगितलं. त्या दाणे निवडत होत्या. म्हणाल्या, किंचाळीच पहिली गेली. मुठीत धरल्यावर जे पिल्लू घाबरून ओरडतं, तेच तर आपण काढतो.

१५ फेब्रुवारी

काल आणखी एक गेली. म्हणून आज पाटावर बसून पाहिलं. उघड्या डोळ्यांनी, लख्ख उन्हात.

दोन वाजता सगळ्या कोंबड्या एकदम थांबल्या. सहाही खुराड्यांतल्या. माना एकाच दिशेला वळल्या, पाण्याच्या टाकीकडे. तिथे काही नव्हतं. मग त्या जमिनीला चिकटून बसल्या आणि सगळ्यांनी चोची उघडल्या. गळे हलत होते. जोरात.

त्या ओरडत होत्या. ओरडणं गेलेलंच नाही. फक्त आवाज गेलाय.

टकळीने हाक मारली म्हणून मी क्षणभर मान वळवली. पुन्हा पाहिलं तेव्हा कोंबड्या दाणे टिपत होत्या. चौथ्या खुराड्यात एक कमी.

१६ फेब्रुवारी

दोनच्या सुमारास मी आत भात उतरवत होते. टकळीची किंकाळी. पळत गेले. ती खुराड्यांसमोर उभी, मुठी आवळून, डोळे गच्च मिटून ओरडत होती. काय दिसलं विचारलं. म्हणाली, काही नाही दिसलं. त्यांना ओरडायचं होतं आणि येत नव्हतं, म्हणून त्यांच्या वतीने मी ओरडले.

आज एकही गेली नाही.

वन्संनी तिला जवळ घेतलं, खडीसाखर दिली. म्हणाल्या, रोज दोनला बस गं माझ्या राणी इथे. खुराड्यांची राखणदार. टकळी खूश. मीही हसले.

१९ फेब्रुवारी

चार दिवस एकही गेली नाही. पण टकळीचा घसा बसला आहे. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं. घसा स्वच्छ, ताप नाही, सूज नाही. ओरडू देऊ नका म्हणाले.

संध्याकाळी ती बाहुलीशी खेळत होती. ओठ हलत होते. मी दारात उभी राहून ऐकायचा प्रयत्न केला.

२१ फेब्रुवारी

काल टकळीला आत ठेवलं आणि तिच्या जागी मी ओरडले. कोंबडी गेली नाही. माझा आवाज फाटला. आज पुन्हा ओरडले. अर्ध्यातच आवाज संपला. काहीतरी ओढून घेतल्यासारखा. दुखलं नाही.

टकळी आता अजिबात बोलत नाही. ‘आई’ म्हणते ते ओठांवरून कळतं.

जे काही येतं ते ज्या दिवशी कोंबडी नेत नाही, त्या दिवशी आवाज नेतं.

२२ फेब्रुवारी

वन्संना स्पष्ट विचारलं. विचारलं म्हणजे कुजबुजले. त्यांचाही आवाज कुजबुजीएवढाच आहे. पहिल्या दिवशी मला वाटलं, स्वभाव.

त्यांना ठाऊक होतं. पाचव्या पिढीपासून. राखणीला त्यांनी बोलक्या गावठी कोंबड्या आणून पाहिल्या, आठवड्यात मुक्या व्हायच्या. मग त्या स्वतः ओरडायच्या. एक्स्चेंजमध्ये लोक म्हणायचे, या बाईंना तारेची गरज नाही, खिडकी उघडून बोलल्या तरी पुढच्या गावाला ऐकू जाईल. तो आवाज दोन महिन्यांत गेला. कोंबड्या का सोडल्या नाहीत? म्हणाल्या, रंग जमत आला होता गं.

टकळीला का बसवलंत, विचारलं. म्हणाल्या, लहान आहे, पुष्कळ आहे तिच्याकडे, वाटलं पुरेल.

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, अकरा पिढ्या मला वाटत होतं निवड मी करते.

आज दोनला कोणी ओरडलं नाही. ओरडायला उरलंय कोण? तरी एकही कोंबडी गेली नाही. चोची उघडल्या, पण टाकीकडे नाही. माना स्वयंपाकघराच्या दाराकडे होत्या. दारात मी होते. टकळी माझ्या मागे.

२३ फेब्रुवारी

यांना फोन लावला. हॅलो, हॅलो. मी जीव तोडून सांगत होते. ते म्हणाले लाइन खराब आहे, ताईला सांग एक्स्चेंजवाल्यांना झापायला. हसले. ठेवला.

वन्सं शेजारीच बसल्या होत्या. रिसीव्हर माझ्या हातातून घेऊन जागेवर ठेवला. फार हळू.

दोन वाजता कोंबड्या आमच्या खोलीच्या खिडकीकडे बघत होत्या. पडदा लावला. टकळी पलंगावर उताणी, तोंड उघडं, गळा हलतोय. मी तिच्यावर आडवी पडून राहिले. किती वेळ, माहीत नाही.

उठल्यावर ती हसली. तिच्या उजव्या कानामागे एक केसांची बट. राखाडी. कडेला काळी.

उद्या जायचं.

२४ फेब्रुवारी, सकाळ

शिंपीदादांना पाटीवर लिहून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. मशीन थांबवलं. थट्टा केली नाही. त्यांचा मेहुणा टेम्पो घेऊन दीडला फाटकाशी येईल. वन्संना सांगितलेलं नाही. एक पिशवी. टकळीचे बूट.

दुपार

फाटकाशी आहोत. दीड वाजून गेला. पावणेदोन. टेम्पो नाही.

वन्सं पायरीवर येऊन उभ्या. हाताने सांगताहेत, आत या, उन्हात नका.

भिंतीपलीकडे मशीन चालू आहे. दहा पावलं, पण त्यांचं दार पलीकडच्या गल्लीत, लांब वळसा. हाका मारल्या. मशीन थांबत नाही. ही पानं फाडून भिंतीवरून टाकते, म्हणून मोठ्या अक्षरात —

शिंपीदादा, टेम्पो आला नाही. तुम्ही या. आत्ता या. मोठ्याने बोलत या. मुलीला

कोंबड्या थांबल्या.

सगळ्या. माना फाटकाकडे. माझ्याकडे नाही. थोड्या खाली, माझ्या डाव्या बाजूला, जिथे टकळी —

तिचं मनगट माझ्या डाव्या हातात आहे. घट्ट. उजव्याने लिहितेय. ती जमिनीला चिकटून बसली आहे, ओढून उठत नाही. तोंड उघडं. दादा, ती ओरडते आहे, तुम्हाला ऐकू येत नाही, पण ती

मनगट आहे. अजून आहे. हलकं झालंय, पण आहे. मी सोडणार नाही. मी मान वळवून बघणारही नाही, बोटांना कळतंय, आहे, मनगट