रोहूचा बाउल आणि गच्चीवरची खोली

रवि. १२ जानेवारी
श्रीरंगदादांकडे जेवायला गेलो. दादा बँकेत, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत फ्लॅट. लखनौत मला मराठीतून रागावणारी माणसे दोनच, ते आणि मधुमतीवहिनी. निघताना वहिनींनी तळलेल्या रोहूचे उरलेले तुकडे डब्यात घालून दिले. नको म्हणणार होतो. म्हणालो नाही.

अडचण अशी की माझ्या खोलीत मासे-अंडी बंद. घरमालकीण विभा आंटींची तेवढी एकच अट. इतके दिवस कंपनीच्या गोडाऊनमध्ये इतरांच्या घोरण्यात झोपलो, तेव्हा कुठे ही गच्चीवरची खोली मिळाली. आतून लावता येणारी, आयुष्यातली पहिली कडी. ती घालवायची नाही.

पण अन्न टाकणे हेही पापच.

डबा खिडकीबाहेर दोरीने टांगला. या थंडीत फ्रिज कशाला लागतो. डब्यावर ‘शाकाहारी’ असे लिहिले. री दीर्घ. तपासले.

सोम. १३
स्टॉक-एन्ट्री करता करता मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. राइस बाउल. उरलेला भात, उरलेला मासा, वरून सॉस. झाले. (लोक ‘बाऊल’ लिहितात. चूक.) सोपे आहे. याला बारावी पास असावे लागत नाही.

प्लॅन: उद्या संक्रांत. इथे सणालाच ‘खिचड़ी’ म्हणतात. आंटी सकाळी गोमतीवर स्नानाला जाणार. त्या परत येईपर्यंत बाउल पोटात, तवा घासलेला, खिडकी उघडी. पुरावा शून्य.

आणि कोणी विचारलेच तर बोलून वेळ मारून नेता येईल. माझी हिंदी आता पक्की झाली आहे. आंटींचा मुलगा विपुल म्हणतो, भैया, आपकी हिंदी सुनके मज़ा आ जाता है.

संकल्प: हे एकदाच. नंतर कायमचा शाकाहार.

मंगळ. १४, सकाळी
दाट धुके. आंटी गेल्याच नाहीत. एवढ्या गारठ्यात त्यांनी गोमतीला घरूनच हात जोडले म्हणे.

थांबायला हवे होते. पण मासा थांबणाऱ्यातला नव्हता. शास्त्रीय विचार करून गॅस पेटवला.

दाराच्या फटीत टॉवेल. बटाट्यात खोचून अगरबत्त्या, पुडा संपेपर्यंत.

सॉस नव्हता, म्हणून गुहागरहून आणलेले कोकमाचे आगळ ओतले. भात जांभळा झाला. वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, आगळ असं भातावर ओततात का रे, सिद्धेश? आता गपचूप खाऊन टाक. मी त्यांना हे फ्यूजन असल्याचे सांगितले. त्यांनी फोन ठेवला. अगरबत्तीची राख बाउलमध्ये पडली आहे. तीळ समजू. सणही आहे.

मंगळ., दुपारी
सविस्तर लिहितो.

पहिला घास घेणार तोच दारावर थाप. बाउल पलंगाखाली सरकवला. विभा आंटी, हातात खिचडीचे ताट. मागे विपुल, लोणचे घेऊन. धुराने भरलेली खोली पाहून आंटींचे डोळे पाणावले. त्यांच्या सासूबाई याच खोलीत राहायच्या, इथेच पूजा करायच्या. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “भैया, इस कमरे में आज भी अम्मा जी का वास है।”

वास.

मी खलास. म्हटले एका बिचाऱ्या म्हातारीवर आळ नको. म्हणालो, “नहीं आंटी, अम्मा जी का नहीं, रोहू का है। कल-परसों का।”

मग विपुल जिन्यात जाऊन बसला आणि पोट धरून हसला. त्यानेच नंतर समजावले की हिंदीत वास म्हणजे राहणे. आपल्या निवासातला. त्यांना कसलाच वास आला नव्हता. आंटींना सर्दी आहे.

आंटी ताट घेऊन मागे फिरल्या. म्हणाल्या, “महीने के आख़िर में कमरा छोड़ दीजिए।” आणि ते जे काही आहे ते आधी खोलीबाहेर काढा.

बाउल गच्चीच्या कठड्यावर नेऊन ठेवला. टाकीमागून माकड आले. त्याने हुंगला. जांभळ्या भातात बोट घातले, चाटले, माझ्याकडे बघितले. मग बाउल जागच्या जागी ठेवून वाळत घातलेला माझा पायजमा घेऊन गेले.

आंटी दारातून पाहत होत्या. पदर तोंडाला लावला होता.

“ये आप खाने वाले थे?”

हो म्हणालो.

“बेटा, तुम्हारी माँ को पता है, तुम यहाँ क्या खाते हो?”

भैयाचा बेटा झालो, आपचा तुम. याची नोंद घेतली.

बुध. १५
निकाल: खोली राहिली, शेगडी गेली. विपुल सिलिंडर खाली घेऊन गेला. यापुढे दोन्ही वेळा आंटींकडे जेवायचे. त्यांच्या मते मला स्वयंपाकापासून वाचवणे हे पुण्याचे काम आहे. माझ्या मते माझ्या स्वयंपाकानेच खोली वाचवली. दोन्ही मते राहू देत.

शनि. १८
जेवायला लौकी, म्हणजे आपला दुधी. कालही होता. विपुल म्हणतो, आदत डाल लीजिए.

ताटावर असतानाच श्रीरंगदादांचा फोन. कसा झाला होता रे तुझा बाउल?

सांगितले की छान. घरात अजून सगळे त्याच्याबद्दलच बोलतात.

आंटींनी विचारले, और दूँ? मी वाटी पुढे केली.