बावीसशेचा एक्सल

शनिवार, २५ ऑक्टोबर

रात्रभर झोप न्हाई. दोन येळा उठून राजनंदिनीच्या अंगावर हात ठेवून बघितला. पोरीला काय झालेलं न्हाई. मलाच झालंय.

काल सांजच्याला पालीचे आश्रुबा तात्या दुकानात आले. पिशवीतून दोन तुकडे काढून काउंटरवर टाकले — खण्ण! त्यांच्या गाडीचा एक्सल. मागच्या दोन चाकांमधला दांडा. वाकला न्हाई, गाजरावानी मोडला. "पोरी, वैरण हुती म्हणून बरं. माणसं असती मंग?"

हे म्हणले, एखादा निघतो तात्या तसा. पक्का काढून फुकट दिला. तात्या खूश होऊन गेले. तुकडे यांनी भंगारात फेकले अन् माझ्याकडं बघितलंच न्हाई.

तसले साधे, स्वस्तातले, तीनच केलते आमी. एक हा मोडला. एक मांडणीवर हाय. तिसरा वस्तीवरच्या युवराजच्या गाडीला बसलाय.

अन् साधा करायची अक्कल माझी.

रविवार, २६ ऑक्टोबर

कसं झालं ते लिहून तरी काढते. डोक्यात नुसतं फिरायलंय.

यांनी चाकणला कंपनीत आठ वर्षं काढली. मंग चौसाळ्याला हायवेवर लेथ टाकली. हे लेथवर, मी काउंटरला. सातवीच शिकलेय पण भाव सगळे तोंडपाठ. आमचा माल पक्का — चांगलं पोलाद, कातायचं, तापवायचं, तेलात बुडवायचं. वर छाप मारायचा, 'मृ'. यांचं नाव मृत्युंजय म्हणून. एक्सल बेचाळीसशे. सळई, लाईट, तापवणं धरून तीन हजार तर आमालाच पडतात!

पण घेणारी पोरं कोण? भंगारातनं मोटरसायकलचं इंजन उचलायचं, मागं डबा जोडायचा, वेल्डिंग मारून घरीच गाडी बांधायची. "वैनी, आख्खी गाडी अठरा हजारात बांधली. तुमचा दांडा काय सोन्याचा हाय का?" रोज हेच. मी बी तोंडाची. "घे मंग दुसरीकडनं साधा. मोडला की येशील लंगडत!" सगळ्यांनाच अशी भीती घालायची. निम्मे घाबरून घेतात, निम्मे हसून जातात. धंदा असाच चालतो.

पोळ्याच्या आधी युवराज आला. सकाळी सातला, मी दुकान झाडत होते. खिशात बावीसशे, वर एक रुपाया न्हाई. मी वाटंला लावणार तर आत्याबाई आतून वरडल्या, "अगं भवानीचं गिऱ्हाईक हाय! मोकळं धाडू नको, दिवस मोकळा जाईल." सासूचा शब्द. मंग मीच यांना म्हणलं, बाजारातली साधी सळई घ्या, तापवू नका, बसतंय बावीसशेत. दोन-तीन करून ठेवू, गरिबाला परवडंल. हे आधी न्हाई म्हणले. मंग केले.

युवराजला इचारलं, काय वाहणार? "वैरण, वैनी. दुसरं काय." हलक्या कामाला चालतंय, मला वाटलं.

छाप मारू का, इचारलं. हे म्हणले मार, बिनछापाचं काय जात न्हाई आपल्या दुकानातनं. हातोडी मीच धरली. कातल्यावर साधा अन् पक्का सारखाच चमकतो. कुणाच्या बापाला कळत न्हाई.

सोमवार, २७ ऑक्टोबर

युवराजची बायको सत्यशीला शेजारी किराणा भरायला आलती. पाच किलो साखर, चहापत्ती, साबण. एवढं कावून गं, म्हणलं.

"गुरुवारी निघालोत की माजलगावला, ऊस तोडायला. यंदा मुकादमाच्या ट्रकात कोंबून न्हाई जायचं वैनी, आपल्या घरच्या गाडीत!" लई आनंदात. चार कोयते जाणार म्हणे. चार जोड्या म्हणजे आठ माणसं, वर पाच लेकरं, भांडी, पालाचं सामान, शेळी.

तिच्या कडेवर राजनंदिनीएवढंच पोरगं. माझ्या बांगडीला धरून ओढायलं.

सांगायचं राहून गेलं. न्हाई — राहून न्हाई गेलं. मी सांगितलं न्हाई.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

जेवताना यांना सांगितलं. यांनी घास बी खाली ठेवला न्हाई.

"गेला माल गेला."

"बोलवून बदलून द्या की."

"अन् काय सांगू? छाप हाय पण माल खोटा हाय? उद्या तीन तालुक्यात बोंब हुईल. बेचाळीसशेचा कोण घेईल मंग?"

"तेरा जण बसणार हायेत त्यात."

"मला इचारून बसायलेत का?"

युवराजला लावायला फोन उचलला. यांनी हातातनं घेतला अन् खिशात घातला. मारलं न्हाई. आवाज बी चढवला न्हाई. भाकरी मागितली. त्याचंच जास्त भ्या वाटतं मला.

बुधवार, २९ ऑक्टोबर

हे बीडला सळई आणाया गेले. मी पोरीला कडेवर घेतलं अन् चालत युवराजच्या वस्तीवर गेले. गाडीला पिवळा रंग मारलता, अजून ओला. चार-पाच जण भोवती.

"वैनी! आज दुकान वस्तीवर आलं का काय!"

"भाऊजी, तो एक्सल काढा. साधा हाय. माणसांचं वजन न्हाई झेलायचा. मोडंल."

सगळे हसले. एक म्हणला, "बघा बे, आता घरपोच भीती घालाय लागले!" दुसरा म्हणला, "बेचाळीसशेचा खपंना झालाय जणू."

"पैसे न्हाई मागत. पक्का फुकट देते. आत्ता चला."

तसं हसणं थांबलं. मला वाटलं, पटलं. पण युवराजनं डोळे बारीक केले. "फुकट? लोखंडवाला फुकट देतोय? वैनी, खरं सांगू का — चुकून पक्काच बसलाय माझ्या गाडीला. तो माघारी पाहिजे तुमाला." खाली वाकला, हातानं चिखल पुसला. "हे बघा. 'मृ'. छाप तुमचाच ना?"

माझाच. माझ्याच हातचा.

आश्रुबा तात्यांचा मोडला म्हणलं. "म्हातारं मुरूम भरलं असंल!" परत सगळे हसले. सत्यशीलेनं मला पाणी दिलं. ती हसली न्हाई.

आजवर प्रत्येकाला खोटी भीती घातली. आता खरी घालायला गेले तर तोंड तेच.

बुधवार, सांजच्याला

हे आले. मी माझा फोन माघारी मागितला. "शुक्रवारी देतो," म्हणले. शुक्रवारी! सगळं कळतंय यांना.

गुरुवार, ३० ऑक्टोबर, सकाळ

गाडी फाट्यावर उभी हाय, इथनं दिसायलीय. माणसं वर बसलीत, लेकरं गाठोड्यांवर. युवराज चहा घ्यायलाय. हे मागं आंघोळीला गेलेत. मी पक्का एक्सल पोत्यात घातलाय, वढत नेते. चाकापुढं बसणार. एक्सल बदलल्याशिवाय उठायची न्हाई, कुणी कितीबी हसू दे. मंग हे मला घरात घेणार न्हाईत, ठाऊक हाय.

राजनंदिनी आत्याबाईंपाशी झोळीत हाय. आत्याबाईंना वाचता येत न्हाई, म्हणून ही वही काउंटरवर उघडी ठेवलीय. जो कुणी वाचंल त्यानं माझ्या भावाला फोन करा. शहादेव नाव. नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलाय. म्हणावं, आधी पोरीला घे, मंग फाट्यावर ये.