मादाम ओर्तांसचा आरसा

३ ऑक्टोबर १९५४
दिजाँहून बसने आले. घर झकास, मादाम ओर्तांस त्याहून झकास. ऐंशीची बाई, काठी टेकत दाराशी आली आणि आधी कांद्याचं सूप, मग काम, असा दमच भरला. आरसा वरच्या खोलीत आहे. माणसाएवढा उंच, पण चौकटीवरचा चांदीचा वर्ख पार काळवंडलेला; तो नव्याने चढवायचा. वीस पायऱ्या मी पळतच चढले. मागच्या फळीवर आधीच्या तीन कारागिरांची नावं आहेत, पहिलं १८७१ सालचं. काम संपलं की सही करायची, ही आमच्या धंद्यातली रीत. चौथं नाव माझं असेल, क्लोतिल्दचं.

७ ऑक्टोबर
निम्मी चौकट झाली. लाल मातीच्या लेपावर तोंडाची वाफ सोडायची, मगच वर्ख धरतो. दिवसभर हा हा करून घसा कोरडा पडतो. मादाम शेजारी खुर्ची टाकून बघत बसते. अजून थोडी वाफ दे गं पोरी, एवढा कंजूषपणा कशाला, म्हणते. आज जिना चढताना दम घ्यायला दोनदा थांबले. सर्दी असेल.

११ ऑक्टोबर
पाववालीने टोमणा मारला, "तुमची म्हातारी काल काठी इथंच विसरून गेली की! आणि तुम्ही कशाला धापा टाकताय? तिला पाठुंगळी घेऊन फिरता का?" मला हसू आलं नाही. म्हातारीचे गाल खरंच भरलेत. सुपात काही घालते की काय? रात्रीचं ताट तसंच परत पाठवलं.

१२ ऑक्टोबर
दिवसभर उपाशी. दम लागतोच. म्हणजे सूप नव्हे. आरशाच्या काचेजवळ तोंड नेऊन श्वास सोडला. काच स्वच्छ. पुन्हा सोडला. काहीच उमटत नाही. मला फार भीती वाटते आहे.

१३ ऑक्टोबर
वीतभर चौकट उरली. ती करणार नाही. बॅग भरली. जाण्याआधी आरसा भिंतीपासून ओढला, नावं पुन्हा पाहिली. तिन्ही एकाच हातची. मला कामावर बोलावणारं मादामचं पत्र बॅगेत होतं, ते शेजारी धरलं. तेच अक्षर. १८७१ पासून तेच.

खाली चौथं नाव. माझं. मी लिहिलेलं नाही. तारीख आजची —

खालून हाक मारते आहे. वीतभरच राहिलंय ना गं, म्हणते. काठी वाजत नाही. दोन-दोन पायऱ्या ओलांडत —

ओरडायला श्वास —